साडूंचा बिनआवाजी पाइप

आवाज न करता करण्याजोगी जगात जी काही कामं आहेत, त्यातलं एकही आमच्या साडूंना जमत नाही. आणि तरीही उभ्या जालना जिल्ह्यातला सगळ्यात शांत पाइप आज त्यांच्याच घरात टांगलेला आहे. हे विधान मी जबाबदारीनं करतो आहे, कारण तो पाइप निवडण्यात त्यांचे आठ महिने गेले, तसे माझेही गेले. डोकं त्यांचं आणि कान माझे, अशी ती भागीदारी होती. डोक्याला अधूनमधून विश्रांती मिळायची. कानांना कधीच मिळाली नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी जालन्याला एका सळईच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली. तिथं लालबुंद सळई सापासारखी धावत असते आणि तिच्या मागं सगळी यंत्रं एकदम केकाटत असतात, असं ते सांगतात. या तीस वर्षांत त्यांचा डावा कान पूर्ण गेला आणि उजवा पाहुण्यासारखा झाला. आला तर आला. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याला तो दुसऱ्यालाही येत नसेल असं प्रामाणिकपणे वाटत असतं. साडू चहा पिऊ लागले की अंगणात बसलेली शेळी उठून उभी राहते. दार ते लावत नाहीत, ठोकतात. आणि कुजबुजणं म्हणजे समोरच्याच्या कानाशी तोंड नेऊन नेहमीच्याच आवाजात बोलणं, अशी त्यांची समजूत आहे. माझ्या पुतणीसाठी एक स्थळ पाहायला आम्ही परतूरला गेलो होतो. भरल्या बैठकीत साडू माझ्याकडं झुकले आणि म्हणाले, "साडू, पोरगा बराय, पण बाप लई चेंगट दिसून राह्यला." मुलाच्या वडिलांनी लगेच आतून पोह्यांची दुसरी फेरी मागवली. भूक कुणालाच नव्हती, पण आपण कंजूष नाही, ही बाजू त्यांना मांडायची होती.

निवृत्त झाल्यावर साडू आष्टीला, आपल्या गावी परत आले. मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. दुसऱ्याच दिवशी ते मला भेटायला वाचनालयात आले, दारातल्या पाटीपुढं थांबले, चष्मा लावला आणि "कृपया शांतता राखा!" हे तिच्यावरचे शब्द त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात वाचले, की पेपर चाळत बसलेले तिघं दचकून उठले आणि चौथा, जो मुळात बोलतच नव्हता, "माफ करा" म्हणाला.

साडूंच्या खिशात पेन नसतं, पेचकस असतो. वीतभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. यंत्राच्या पोटात काय दुखतंय हे पाहायला कारखान्यातले फिटर पेचकसाचं टोक यंत्राला टेकवतात आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला. कान मेला तरी हाड जिवंत असतं, असा साडूंचा सिद्धान्त आहे. या हाडावर विसंबून ते जगाची तपासणी करत हिंडतात. आमच्या फ्रिजला पेचकस लावून त्यांनी "सहा महिने" एवढंच सांगितलं, आणि तो पाचव्याच महिन्यात गेला तेव्हा अंदाज चुकल्याबद्दल माझी माफी मागितली. एसटीच्या इंजिनाला पेचकस लावण्यावरून त्यांची एका ड्रायव्हरशी बाचाबाची झाली आहे. एकदा मी गाफील बसलो असताना त्यांनी तो माझ्या गुडघ्याला टेकवला, डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "वंगण संपलंय, साडू. जल्दी बघा."

असा माणूस निवृत्तीनंतर गप्प बसेल ही अपेक्षा कुणाचीच नव्हती. पण तो घरात अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवील ही भीतीसुद्धा कुणाला नव्हती. कुठल्याशा दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला ते गेले आणि प्रमाणपत्र घेऊन परतले. त्यानंतर घरातली मागची खोली रिकामी झाली, छताला दोऱ्या आल्या आणि दोऱ्यांना सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसकट, भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकू लागल्या. गावातले लोक चौकशी करायचे, "कुत्र्याच्या छत्र्या लावल्यात म्हनं?" साडू त्यांना ऐकू न आल्यासारखं करायचे, त्यासाठी त्यांना फारसा अभिनय करावा लागत नाही. पहिला बहर आला तो मात्र विचित्र. देठ बोटभर लांब आणि वरची टोपी शर्टाच्या गुंडीएवढी. प्रशिक्षणवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, अळिंबीसुद्धा आपल्यासारखाच श्वास घेते. सोडलेली हवा खोलीत साचली की ती मान उंच करून ताजी हवा शोधत राहते. हवा खेळती पाहिजे.

खोलीला खिडकी नव्हती. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत. म्हणजे आतली हवा पंख्यानं ओढायची आणि शेजाऱ्यांच्या भिंतीकडेनं वीस फूट पाइपातून परसात सोडायची, एवढाच मार्ग होता. साडूंनी घरचा कूलर फोडून त्याचा पंखा काढला, पत्र्याचा पाइप जोडला आणि बटण दाबलं. मी त्या वेळी अंगणात उभा होतो. पिठाची गिरणी ऐन दिवाळीत जशी चालते, तशी ती भिंत चालू लागली. साडू आतून प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले आणि म्हणाले, "बराबर चालून राह्यला. आवाज बिलकुल न्हाई."

भिंतीपलीकडं दवाखान्यातल्या सिस्टर भाड्यानं राहत. एकट्या होत्या, तिशीतल्या, बोलायला मऊ. त्यांची बहुतेक रात्रपाळीच असायची. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका अवेळीच अडतात, आणि त्यांना मोकळं करणारे हात एका सिस्टरचेच. सकाळी आठला त्या घरी येत, दारात चपला काढत आणि नऊला झोपत. म्हणजे आतापर्यंत झोपत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्या लाल डोळ्यांनी साडूंच्या दारात आल्या आणि त्यांनी विचारलं, "काका, हा पंखा दिवसाचा किती वेळ चालतो?"

"चोवीस घंटे!" साडू छाती काढून म्हणाले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

सिस्टरांनी मग हळूहळू, आणि ते ऐकू न आल्यामुळं पुन्हा मोठ्यानं, आपली अडचण सांगितली. साडूंचा चेहरा उतरला. माणूस गोंगाटी आहे, पण कुणाला त्रास देऊन हसणारा नाही. रात्रपाळी म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "सिस्टर, आठ दिवस द्या मला. तुमच्या कानाला मुंगीबी चावणार न्हाई असा पाइप आणतो." त्या आठ दिवसांचे पुढं आठ महिने झाले आणि मी त्या महिन्यांमध्ये विनाकारण सापडलो.

कारण साधं होतं. पाइप शांत आहे की नाही, हे साडूंना कळणार कसं? कुणीतरी ऐकणारा हवा. "तुम्ही वाचनारे मानसं," ते मला म्हणाले, "तुमचे कान वापरलेलेच न्हाईत. नवे असतील." दर रविवारी मला बोलावणं यायचं. मी भिंतीला कान लावून बसायचो, साडू बटण दाबायचे आणि वही उघडून माझ्या तोंडाकडं पाहत राहायचे. नुसतं "आवाज येतोय" म्हणून भागत नसे. कसला, ते सांगावं लागे. मी एकदा सहज म्हणालो, "पाऊस पडतोय असं वाटतं." साडूंनी पेन्सिल थांबवली. "पत्र्यावरचा का कौलावरचा?" मी म्हणालो, पत्र्यावरचा. "वळवाचा का श्रावणातला?" मराठीत आवाजासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे सगळे त्या माणसानं माझ्याकडून वसूल केले, खळखळ, सळसळ, भणभण, घरघर, आणि शेवटी शब्द संपल्यावर मला तोंडानं ते आवाज काढून दाखवावे लागले. चाळीस वर्षं वाचनात घालवलेला माणूस शेजारच्या भिंतीपाशी उकिडवा बसून "फुर्रर्र" करतो आहे, हे दृश्य माझ्या बायकोनं दारातून पाहिलं आणि ती उंबऱ्यावरूनच परत गेली.

पत्र्याचा पाइप वाजायचा, म्हणून सांडपाण्याचा प्लास्टिकचा आणला. तो बासरीसारखी शीळ घालायचा, आणि तीही बेसूर. मग माझ्याच मोबाइलवरून मागवलेला, अकॉर्डियनसारख्या घड्यांचा चंदेरी पाइप आला, जो लोक स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात. त्याच्या प्रत्येक घडीत हवा अडखळायची आणि दर अडखळीला कुणीतरी "श्श" म्हणाल्यासारखं व्हायचं. मला तर वाचनालयातच बसल्यासारखं वाटलं. त्यानंतर साडूंनी शेतात पाणी द्यायचा गुंडाळता येणारा लपेटा पाइप लावून पाहिला. तो हवा भरली की फुगायचा, पंखा मंदावला की बसायचा, आणि म्हशीनं कान हलवावेत तसा फटफटत राहायचा. सिस्टर या सगळ्या काळात कानात कापूस घालून झोपत होत्या आणि भेटल्या की "प्रयत्न करताय ना काका, होईल," म्हणत होत्या. धीर देणं हा त्यांच्या नोकरीचा भाग असावा. मी त्यांच्या जागी असतो तर पंखा काढून विहिरीत टाकला असता.

आमच्या अक्का, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, या प्रकरणात काही बोलत नव्हत्या. पाइप आला की त्या अंगणात बाजूला सरकत, पाइप परत गेला की झाडून घेत. एकदाच मी त्यांना विचारलं, "अक्का, तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "दाजी, ह्यांना आवाज कळत न्हाई. शांतता तर त्याहून न्हाई." आणि गहू निवडायला बसल्या.

शेवटी साडू मूळ स्वभावावर गेले. सळईच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाचा लोखंडावर जेवढा विश्वास असतो तेवढा देवावरही नसतो. "पातळ वस्तू बोलती, साडू," एका रविवारी ते उसळून म्हणाले, "जड वस्तू गप बसती. मानसाचंबी तसंच हाय." मी त्यांच्याकडं पाहिलं, नव्वद किलोचा तो माणूस हे ओरडून सांगत होता. पुढच्या आठवड्यात जालन्याहून टेम्पोत घालून जाडजूड लोखंडी पाइप आला. तो उतरवायला सहा माणसं लागली. भिंतीला भोकं पाडून, त्यात सिमेंटानं लोखंडी क्लॅम्प रोवून, त्यांवर तो पाइप नटबोल्टांनी असा आवळला की भूकंपात घर पडलं असतं पण पाइप जागचा हलला नसता. पंखा सुरू झाला. मी कान टवकारले. खरोखर काही नव्हतं. मी पुन्हा ऐकलं. काही नाही. साडूंनी पेचकस पाइपाला लावला, डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "खडखड न्हाई, करकर न्हाई. नुसतं एकसारखं घूंऽऽ. निरोगी यंत्र!" फिटरच्या हाडाला घूंऽऽ म्हणजे आवाज वाटत नाही, ती तब्येत वाटते. चूक इथं झाली, पण त्या क्षणी मला घरी जायची इतकी घाई होती की मी तिच्याकडं पाहिलंच नाही.

आपल्याकडं कुठलीही गोष्ट फीत कापल्याशिवाय पूर्ण होत नाही. साडूंनी पाइपाला फुलांची माळ घातली, मंडपवाल्याकडून लाउडस्पीकर आणला आणि गावातल्या एका पुढाऱ्यांना बोलावलं. या पुढाऱ्यांनी अंगणवाडीपासून शवपेटीपर्यंत सगळ्या वस्तूंची उद्घाटनं केलेली आहेत. शांततेचं महत्त्व या विषयावर ते पाऊण तास बोलले, आणि लाउडस्पीकरचं तोंड सिस्टरांच्या दाराकडं होतं. रात्री तीन बाळंतपणं करून नुकत्याच आडव्या झालेल्या सिस्टरांना उठवून आणण्यात आलं, कारण फीत त्यांच्याच हातून कापायची असा साडूंचा हट्ट होता. त्यांनी कापली. साडूंनी माइक त्यांच्यापुढं धरला. "सांगा सिस्टर, येतो का आवाज?" सगळं अंगण पाहत होतं. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "नाही काका. खूप छान झालंय." टाळ्या वाजल्या. पेढे वाटले गेले. माझे रविवार मला परत मिळाले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, मी वाचनालयात महिला विभागाकडं फेरी मारली. तो विभाग म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पडदा. खुर्चीत सिस्टर बसल्या होत्या आणि टेबलावरच्या जाडजूड ज्ञानकोशाच्या एका खंडावर डोकं ठेवून गाढ झोपल्या होत्या. तो खंड कुणी इतक्या मनापासून वापरलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी पावलं न वाजवता परत फिरलो. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा होत्या. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर नेमका तोच खंड मागायला आले. माझ्या सगळ्या नोकरीत तो कुणी मागितलेला मला आठवत नाही. मी त्यांना सरळ सांगितलं, "बाहेर गेलाय." तेवढ्या बोलण्यानं सिस्टर जाग्या झाल्या. मास्तर गेल्यावर मी पडद्याशी गेलो. त्यांच्या गालावर पुस्तकाच्या शिवणीचा वळ उठला होता.

"आवाज येत नाही सर," त्या खाली मान घालून म्हणाल्या, "ऐकू काहीच येत नाही. पण भिंत गुणगुणते. खाट भिंतीपासून सरकवली तर फरशीतून येतं. कानात नाही, अंगात येतं. डोळा लागला की वाटतं कुणीतरी हलवून उठवतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"फीत कापलीये ना मी." त्या कशाबशा हसल्या. मग हसू गेलं. "परवा रात्री एका बाळंतिणीला इंजेक्शन द्यायचं होतं. बाटलीवरचं नाव मी तीनदा वाचलं आणि तीनदा निराळं वाचलं. शेवटी तिच्या सासूकडून वाचून घेतलं. त्या म्हातारीला जेमतेम अक्षरं जुळवता येत होती. दोघींनी मिळून वाचलं." मग त्या म्हणाल्या, "मी बदलीचा अर्ज दिलाय सर. काकांना सांगू नका. त्यांनी फार केलंय माझ्यासाठी."

गुपित सांभाळायला माझी हरकत नव्हती. पण त्या बाटलीवरचं नाव माझ्या डोळ्यांपुढून जाईना. सांगायला हवं होतं. सांगायचं कसं, हा प्रश्न होता. साडूंना काही सांगायचं तर ओरडावं लागतं आणि ओरडलं तर भिंतीपलीकडं जातं. शेवटी मी वाचनालयाची एक चिठ्ठी घेतली, ज्या चिठ्ठ्यांवर मी एरवी 'पुस्तक परत करावे' असं लिहितो, आणि तिच्यावर सगळं लिहून साडूंच्या हातात दिली. साडूंनी ती ओठ हलवत वाचली. मोठ्यानं वाचली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. मग त्यांनी खिशातून पेचकस काढला. या वेळी तो पाइपाला लावला नाही, भिंतीला लावला. मूठ कानामागं टेकवून ते डोळे मिटून किती तरी वेळ उभे राहिले. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. ते खरोखर कुजबुजत होते. "भिंत जिती हाय, साडू."

त्यांनी स्वतःच्या हातानं पंखा बंद केला. खोलीत दोनशे पिशव्यांवर बहर ऐन भरात होता. आणखी दोन दिवसांत काढणी होती. मी म्हणालो, "दोन दिवस चालू द्या, मग काढा." साडूंनी मान हलवली. "ती बाई उभ्या उभ्या पडंल तिकडं." दोन दिवसांत सगळी अळिंबी लांब माना करून वाळक्या गवतासारखी झाली आणि साडूंनी ती टोपल्याटोपल्यांनी उकिरड्यावर नेऊन टाकली. क्लॅम्प तोडायला त्यांना चार दिवस लागले, कारण छिन्नी ते फक्त सिस्टर ड्युटीवर गेल्यावरच चालवत.

पाइप उतरला त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. साडू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते आणि हरलेल्या माणसासारखे आपल्या तळहातांकडं पाहत होते. "जड चालत न्हाई, पातळ चालत न्हाई," ते म्हणाले, "मंग लावावं तरी काय?"

"वाकळ लावा," अक्का म्हणाल्या.

साडू हसले. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. पाइपाला गोधडी घालायची ही कल्पना त्यांच्यातल्या फिटरला पेलवेना. "तुला काय कळतं आवाजातलं?"

अक्कांनी भाकरीचा हात परातीत तसाच ठेवला. "मला न्हाई कळत? तीस वर्षं तुमची रातपाळी होती. क्वार्टरची एक खोली, दोन पोरं, आन् तुम्ही दिवसा घोरत पडायचे. ते काय आपोआप व्हायचं? दाराच्या कडीला मी चिंधी बांधायचे, वाजू नये म्हनून. खिडकीला वाकळ टांगायचे. रातपाळीच्या हप्त्यात कधी कुकर लावला न्हाई, शिट्टी होती म्हनून. दोन-दोन घंटे पातेल्यात वरण शिजवायचे. चटणी वाटायला तीन घरं सोडून जायचे. धाकट्याला दात येऊन राह्यले होते, तवा त्याला कडेवर घेऊन भर उन्हात कारखान्याच्या भिंतीकडंनं चकरा मारल्या, कारण तिथं कितीबी रडला तरी कुणाला ऐकू जात न्हाई."

मी जमिनीकडं पाहू लागलो. साडूंना हे सगळं ऐकू गेलं होतं. अक्का त्यांच्या उजव्या बाजूला होत्या. ते म्हणाले, "मला कधी सांगितलं न्हाईस."

"सांगायला तुम्हाला उठवावं लागलं असतं," अक्का म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या.

त्यानंतरच्या पाइपाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. तारेची मोठाली कडी, त्यांवर गोणपाटाची नळी आणि तिच्यावर अक्कांनी आठ दिवस बसून शिवलेली वीस फूट लांब वाकळ. लाल, हिरवी, मधूनच एखादी जरीची किनार. पंखा मोठा आणि अगदी सावकाश फिरणारा, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर छताला टांगलेला. सगळा पाइप दोरीवर झोके घेतो आणि भिंतीला कुठंही शिवत नाही. एखादी लांबलचक मावशी दुपारी आडवी झाली आहे, असं त्याच्याकडं पाहून वाटतं. उद्घाटन झालं नाही. सिस्टरांना कुणी विचारलंही नाही. साडू फक्त त्यांच्या दारातल्या चपलांवर लक्ष ठेवून होते. पहिल्या दिवशी चपला आठला आल्या आणि एकला हलल्या. दुसऱ्या दिवशी दोनला. चौथ्या दिवशी मी वाचनालय बंद करून संध्याकाळी पाचला तिथं गेलो, तर साडूंनी मला दंडाला धरून शेजारच्या उंबऱ्यासमोर नेलं आणि बोटानं दाखवलं. चपला सकाळी होत्या तशाच होत्या. डाव्या चपलेवर एक चिमणी बसली होती.

सरकारी कागद मात्र एकदा निघाला की कुणाच्या झोपेसाठी थांबत नाही. सिस्टरांनी अर्ज मागं घेतला होता, तरी पुढच्या काही महिन्यांत बदली आलीच. शहागड. गोदावरीच्या काठचं गाव, खोली मात्र हमरस्त्याला लागून. जाताना अक्कांनी त्यांना खिडकीला टांगायला दुसरी वाकळ दिली. साडूंनी आठवड्याभरानं माझ्या फोनवरून फोन लावला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सिस्टर, झोप लागती का?" त्या लागते म्हणाल्या. साडूंनी फोन माझ्या हातात दिला. "खोटं बोलून राह्यली पोरगी. मागून ट्रक चालल्ते, मला ऐकू आले."

शेजारची खोली तेव्हापासून रिकामी आहे. आता पंखा किती वाजला तरी कुणाचं काही बिघडत नाही. गेल्या आठवड्यात दुपारी मी एक निरोप घेऊन साडूंकडं गेलो. ते उंबऱ्यावर बसले होते. मी हाक मारायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत अक्का झोपल्या होत्या. अलीकडं त्यांना दुपारी पडावं लागतं. दाराच्या कडीला चिंधी बांधलेली होती. स्वयंपाकघरात मंद आचेवर पातेलं होतं आणि साडू अधूनमधून आत जाऊन, पळीचा काठ भांड्याला लागू न देता ढवळून येत होते. मी खुणेनंच विचारलं, काय? त्यांना स्वतःच्या कुजबुजीवर भरवसा नसावा. त्यांनी खिशातून वाचनालयाची एक चिठ्ठी काढली, माझीच, आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहून माझ्यापुढं धरली.

'वरण. दोन घंटे लागतात.'

निरोप फारसा महत्त्वाचा नव्हता. मी उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला उचलून हातात घेतल्या आणि अनवाणीच परत फिरलो.